फिरत्या ॲल्युमिनियम चकतीचं तापमान फॉस्फर पावडरीने मोजता येईल का?

भोवराप्रवाह:

नमस्कार. चुंबकी ब्रेकची एक छोटी चाचणी-मांडणी उभी करतोय. ॲल्युमिनियमची चकती, व्यास १६० मिमी, मिनिटाला ३००० फेरे. दोन्ही अंगांना चुंबकाचे ध्रुव, आणि ध्रुव व चकती यांच्यात दर बाजूला जेमतेम ४ मिमीची फट. भोवरा प्रवाहांमुळे, म्हणजे चुंबकामुळे चकतीतच गरगरणाऱ्या विजेच्या प्रवाहांमुळे, चकती तापते. मला तिच्या पृष्ठभागाचं तापमान हवंय, तेही ध्रुवाखाली असतानाचं, केंद्रापासून ६० मिमीवर. पल्ला ३० ते २०० अंश सेल्सिअस. दोन अंशांपर्यंत अचूक आलं तरी माझं काम भागतं.

थर्मोकपल (तापमानानुसार व्होल्टेज देणारी वायरींची जोडी) चिकटवून स्लिप रिंगमधून, म्हणजे फिरत्या भागातून वीज बाहेर आणणाऱ्या कड्यांतून, बाहेर आणलं, पण ब्रेक लागला की वायरीतच व्होल्टेज प्रेरित होतं आणि नेमक्या हव्या त्या क्षणी आकडे बिनकामाचे होतात. लांबून उष्णतेचे किरण मोजणारी आयआर (अवरक्त) गन लावली तर पॉलिश केलेलं ॲल्युमिनियम स्वतःचं काही सांगतच नाही, समोरच्या भिंतीची उष्णता परावर्तित करतं.

दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांच्या प्रकाशमान पावडरी, म्हणजे फॉस्फर, पृष्ठभागावर लावून त्यांच्या उजेडावरून तापमान काढतात असं वाचलं. त्यात तीन प्रकार दिसले: उजेडाची तीव्रता, उजेड विझायला लागणारा वेळ, आणि दोन रंगांचं गुणोत्तर. माझ्या कामाला यातलं कुठलं? पावडर कुठली घ्यावी? अंधारात चमकणारी पावडर सहज मिळते, ती चालेल का? इलेक्ट्रॉनिक्स मला जमतं, प्रकाशाचं गणित नवीन आहे.

जुना_गेज:

एवढं कशाला? चकतीवर मॅट काळ्या रंगाचा पट्टा मारा. ॲल्युमिनियमची एमिसिव्हिटी (स्वतःचे उष्णतेचे किरण टाकण्याची क्षमता, जास्तीत जास्त १) ०.०५च्या आसपास असते, चांगल्या काळ्या रंगाची ०.९५च्या आसपास. आयआर सेन्सर सरळ आकडा देईल. कारखान्यात रोळांसाठी आम्ही हेच करतो आणि ते चालतं.

भोवराप्रवाह:

पट्टा मारला होता आणि उघड्या भागात आकडा बरोबर येतो. अडचण ध्रुवाखालची आहे. ४ मिमीच्या फटीत सेन्सर जात नाही आणि तिरकं बघायलाही जागा नाही. आत जाऊ शकेल तो फक्त एखादा बारीक फायबर.

हिरवी_रेघ:

मग फॉस्फर हाच मार्ग योग्य आहे, आणि कारण फायबरमध्येच आहे. १०० अंशांना वस्तू जे किरण टाकते त्यांचं शिखर ८ मायक्रॉनच्या जरा अलीकडे असतं. साधा सिलिका फायबर २ मायक्रॉनच्या पुढे जवळपास आंधळा. म्हणजे उष्णतेचे किरण त्यातून बाहेर आणता येत नाहीत. फॉस्फरचा हिरवा किंवा लाल उजेड मात्र त्यातून कित्येक मीटर बिनबोभाट येतो, आणि काचेच्या फायबरला चुंबकाचं काही पडलेलं नसतं. एमआरआय यंत्रात, मायक्रोवेव्ह भट्टीत आणि मोठ्या ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यांत टोकाला फॉस्फर लावलेले फायबर याच कारणासाठी वापरतात. कल्पनाही जुनी आहे. स्वनातीत हवेच्या झोतात ठेवलेल्या प्रतिकृतीचं पृष्ठ-तापमान फॉस्फरने मोजल्याचा शोधलेख १९५३चा.

मी या पावडरींचे लेप लावून मोजमाप करण्यातच दिवस घालवतो, तेव्हा जरा सविस्तर लिहितो. नवीन माणूस पावडर निवडताना बहुतेक वेळा सगळ्यात जास्त उजेड देणारी निवडतो. माझं ठाम मत आहे की निवड आधी दोन गोष्टींवरून करावी: वस्तू किती वेगाने हलते आणि पल्ला कुठला. उजेडाचं नंतर बघता येतं.

तुमची वस्तू हलते, तेव्हा वेगापासून सुरुवात करू. ६० मिमी त्रिज्या, सेकंदाला ५० फेरे, म्हणजे तो बिंदू सेकंदाला जवळजवळ १९ मीटर धावतोय. एका मिलिसेकंदात १९ मिलिमीटर. आता ट्यूबलाइटमधला लाल रंग देणारी युरोपियमयुक्त यिट्रियम ऑक्साइड घ्या. उजेड भरपूर, ६११ नॅनोमीटरची अगदी सुबक रेघ (म्हणजे एकाच ठरावीक रंगाचा उजेड), आणि विझण्याचा काळ साधारण एक मिलिसेकंद. तुमचा फायबर चकतीवरचा दोन-अडीच मिमीचा ठिपका बघणार. पावडर विझण्याआधीच ठिपका नजरेआड जाईल. डिटेक्टरला वाटेल उजेड झपाट्याने विझला, गणित म्हणेल तापमान खूप आहे, आणि चकती मात्र गारच असेल. शिवाय या पावडरीचा विझण्याचा काळ साधारण ५०० अंशांपर्यंत हलतच नाही. तुमच्या पल्ल्यात ती काही सांगणार नाही. टर्बाइनच्या पात्यासाठी ती उत्तम, तुमच्यासाठी नाही.

तापमानाची खूण पावडरीत येते ती दोन वेगळ्या वाटांनी. पहिली विझण्याची वाट. उत्तेजित आयनाला उजेड न टाकता ऊर्जा उष्णतेत सोडून देण्याचा एक चोरदरवाजा असतो, आणि त्या दरवाजापर्यंत चढायला उष्णतेची मदत लागते. तापमान वाढलं की जास्त आयन तिकडून निसटतात, उजेड मंदावतो आणि विझण्याचा काळही घटतो. हे डोळ्यांनी बघायचं असेल तर युरोपियमयुक्त लँथॅनम ऑक्सिसल्फाइडचा लेप एका पत्र्यावर लावा, ३६५ नॅनोमीटरचा यूव्ही एलईडी धरा आणि पत्र्याच्या मागून हॉट एअर गनने मधोमध तापवा. आधी ५१४ नॅनोमीटरची हिरवी रेघ जाते, मग ५३८ची, लाल सर्वांत शेवटी. मध्यभागी एक काळा डाग उमटतो, कडा सरकत सरकत मोठा होतो. गन बाजूला केली की तोच डाग कडेकडून भरत येतो. प्रत्येक नव्या सहकाऱ्याला मी पहिल्यांदा हेच दाखवतो, कारण उष्णता पत्र्यातून कशी पसरते ते त्यात साक्षात दिसतं.

दुसरी वाट गुणोत्तराची, आणि तुमच्यासाठी मी हीच सुचवेन. एर्बियम आयनात ऊर्जेच्या दोन उत्तेजित पातळ्या अगदी जवळजवळ आहेत, त्यांच्यातलं अंतर ७०० ते ८०० व्यस्त सेंटिमीटर (हे इथे ऊर्जेचं एकक). वरच्या पातळीतून ५२५ नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा येतो, खालचीतून ५४५च्या आसपासचा. वरच्या पातळीत किती आयन बसलेले असतील हे बोल्ट्झमनच्या नियमाने ठरतं, म्हणजे निव्वळ तापमानाने. दोन्ही उजेड एकाच आयनाचे, एकाच ठिपक्याचे, एकाच क्षणाचे. लेप जाडा-पातळ झाला, फायबर जरा हलला, लेसर ढेपाळला, तरी दोन्ही सारखेच कमी-जास्त होतात आणि भागाकारात ते उडून जातं. ठिपका नजरेआड गेला तरीही. विझण्याचा काळ तुमच्या चकतीवर जिथे फसतो तिथे गुणोत्तर तगतं.

किती बदल मिळतो? अंतर ७५० धरलं तर २७ अंश सेल्सिअसला गुणोत्तर दर अंशाला १.२ टक्के बदलतं, २०० अंशांना ०.४८ टक्के. म्हणजे गुणोत्तर एक टक्क्यापर्यंत अचूक काढलंत तर २७ अंशांना एका अंशाच्या आत आणि २०० अंशांवर सुमारे दोन अंशांत बसाल. एक टक्का म्हणजे काय तेही सांगतो: अंधूक असलेल्या ५२५च्या वाहिनीत निदान दहा हजार फोटॉन मोजले गेले पाहिजेत. एका फेऱ्यात ते जमणार नाही. पूर्ण वर्तुळाचा पट्टा लावा आणि अनेक फेऱ्यांची बेरीज करा.

डिस्प्रोशियमबद्दल कोणी सांगेल. त्याच्या दोन पातळ्यांतलं अंतर हजाराच्या घरात, म्हणून दर अंशाला बदल जास्त मिळतो. पण अंतर जास्त म्हणजे वरची पातळी खोलीच्या तापमानाला जवळजवळ रिकामी, वरची रेघ इतकी फिकट की गोंगाटात बुडते. हजार अंशांच्या वर मात्र त्याला तोड नाही: दोन्ही रेघा निळ्या, आणि तापून लाल झालेल्या धातूचा स्वतःचा उजेड निळ्यात अजून पोचलेला नसतो.

अंधारात चमकणाऱ्या पावडरीला माझा स्पष्ट नकार. ती बहुधा युरोपियम-डिस्प्रोशियमयुक्त स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेट असते. तिच्यात इलेक्ट्रॉन सापळ्यांत अडकतात आणि उष्णतेने हळूहळू सुटतात, म्हणून ती तासन् तास चमकते. कुठल्याही क्षणी तिचा उजेड तापमानासोबत मागच्या काही तासांत तिच्यावर किती प्रकाश पडला यावरही ठरतो. इतिहास लक्षात ठेवणारी वस्तू तापमापक म्हणून नको.

भोवराप्रवाह:

एवढं कोणी समजावून सांगेल असं वाटलं नव्हतं, मनापासून आभार. दोन शंका. एर्बियमला ९८० नॅनोमीटरच्या लेसरने पेटवतात असं वाचलं, म्हणजे अवरक्त टाकून हिरवा मिळतो. हे फिरत्या चकतीवर चालेल ना? आणि ठिपका १९ मीटरच्या वेगाने पळतोय, तर तेच उलटं वापरता येणार नाही का? उजेडाची शेपूट किती लांब ओढली जाते त्यावरून विझण्याचा काळ काढायचा.

हिरवी_रेघ:

दुसरी शंका आधी, कारण ती मला फार आवडली. हो, येतं. पळत्या पृष्ठावर अंतर म्हणजेच वेळ. एका जागी सतत उजेड टाकला तर पुढे शेपूट उमटते, आणि तुमच्या वेगाला तिच्यातला दर मिलिमीटर म्हणजे सुमारे ५३ मायक्रोसेकंद. वेगवान डिटेक्टर लागत नाही, कॅमेऱ्याच्या एका चित्रात सगळा विझण्याचा आलेख मिळतो. पण ब्रेक लागला की तुमचा वेग बदलणार. वेगात पाच टक्के चूक म्हणजे काळात पाच टक्के चूक, आणि तुमच्या फटीत कॅमेराही जात नाही. मोकळ्या जागेतल्या रोळासाठी किंवा पट्ट्यासाठी मात्र ही पद्धत जरूर करून बघा.

आता ९८०. यात यिटर्बियम अवरक्त शोषतं आणि दोन हप्त्यांत ती ऊर्जा एर्बियमला देतं. यासाठी सोडियम यिट्रियम फ्लोराइडची पावडर घ्यायची, कारण तिच्या जाळीची कंपनं मंद असतात आणि ऊर्जा वाटेत वाया कमी जाते. यूव्हीने पेटवलं तर बाइंडर (पावडर चिकटवणारं द्रव्य) आणि धूळसुद्धा निळसर चमकतात. ९८०ने फक्त एर्बियम हिरवं होतं, पार्श्वभूमी काळीकुट्ट राहते. हा तिचा मोठा गुण.

अडचण अशी की हे दोन हप्ते भरायला वेळ लागतो, शंभर मायक्रोसेकंदांच्या पटीत. एकाच फायबरने पेटवलं आणि बघितलं तर पावडर पूर्ण पेटायच्या आत ठिपका निघून जाईल. म्हणून दोन फायबर शेजारी शेजारी लावा, फिरण्याच्या दिशेत. आधीचा लेसर टाकेल, पुढचा फक्त बघेल. मधलं अंतर दोन-तीन मिलिमीटर. पावडर पेटलेली असताना सरकून दुसऱ्या फायबरखाली येते. लेसरचा परावर्तित झोतही दुसऱ्या फायबरच्या वाटेतून टळतो, हा आणखी फायदा.

प्लॅस्टिकचे फायबर नकोत, २०० अंशांच्या चकतीजवळ ते मऊ पडतील. सिलिकाचे ६०० मायक्रॉन गाभ्याचे घ्या. दुसऱ्या फायबरमधून आलेला उजेड आधी लेन्सने समांतर करा आणि मगच फिल्टरमधून सोडा. इंटरफेरन्स फिल्टर रंगांचा एक अरुंद पट्टाच, म्हणजे खिडकीच, आत सोडतो; त्यावर उजेड तिरका पडला की ती खिडकी निळ्याकडे सरकते, आणि तुमच्या दोन रेघा इतक्या जवळ आहेत की जरा सरकलेली खिडकीही एकीचा उजेड दुसरीत मिसळते. ५२५ची खिडकी ५१५ ते ५३५ आणि ५४५ची ५३८ ते ५५३ ठेवा. ५५३च्या पुढे जाऊ नका. लेसर जोरात असला की एर्बियमच्या आणखी वरच्या पातळीचा उजेड ५५५-५६०च्या आसपास उगवतो, आणि त्याचा तुमच्या बोल्ट्झमनशी काही संबंध नसतो.

पारा_थेंब:

मध्येच बोलतो, पण हे सांगणं गरजेचं वाटतं. ९८०चा लेसर दिसत नाही. डोळा मिटण्याची प्रतिक्षिप्त क्रियाही होत नाही. समोर चकचकीत ॲल्युमिनियमची फिरती चकती, म्हणजे उत्तम आरसा. चकतीची कड, स्क्रूचं डोकं, लेप निघालेला एखादा तुकडा, कुठूनही झोत उसळू शकतो. सगळी मांडणी धातूच्या झाकणात ठेवा, झाकण उघडलं की लेसर बंद होईल असा स्विच लावा, आणि ९८०साठीच बनवलेला चष्मा घाला. वेल्डिंगची काच किंवा साधा गॉगल चालत नाही. हिरवा ठिपका मंद दिसतो म्हणून लेसरही मंद आहे असं समजू नका.

हिरवी_रेघ:

पारा_थेंब यांचा शब्द न् शब्द पाळा. मी आमच्याकडे झाकणाचा स्विच जोडल्याशिवाय कोणाला चालू बटणाला हात लावू देत नाही.

आता कॅलिब्रेशन, कारण सगळा भरवसा त्यावर आहे. चकतीच्याच ॲल्युमिनियमचा ठोकळा घ्या, त्यावर तीच पावडर, तोच बाइंडर, तेवढीच जाडी. लेपाच्या बरोबर खाली भोक पाडून पीटी१०० (प्लॅटिनमचा तापमापक) घाला. तोच फायबर, तेच फिल्टर, तोच डिटेक्टर. हळू तापवा, प्रत्येक टप्प्यावर आकडा ठरेपर्यंत थांबा, आणि तितकंच हळू थंड करत परत या. चढताना आणि उतरताना वेगळे आकडे आले तर लेप आणि पीटी१०० एका तापमानाला नाहीत, घाई झाली.

मग आलेख काढा. उभ्या अक्षावर गुणोत्तराचा नैसर्गिक लॉगॅरिदम, आडव्यावर केल्विनमधल्या तापमानाचा व्यस्त. सरळ रेघ यायला हवी. तिचा उतार म्हणजे दोन पातळ्यांतलं अंतर भागिले बोल्ट्झमनचा स्थिरांक, म्हणजे हजार ते साडेअकराशे केल्विनच्या मध्ये. हा आकडा निसर्गाने ठरवलाय, तुमच्या उपकरणाने नाही. मला या पद्धतीबद्दल जी आपुलकी आहे ती याच गोष्टीमुळे: उपकरण खरं बोलतंय की नाही हे त्याच्याच आलेखात लिहिलेलं असतं. उतार आठशे-नऊशे आला तर कुठेतरी परका उजेड मिसळतोय. थंड टोकाला रेघ आडवी होत गेली तर ५४५चा उजेड ५२५च्या खिडकीत गळतोय, कारण थंडीत ५२५ मुळातच फिकी आणि गळती तिथेच जास्त जाणवते. लेसर बंद असतानाचा डिटेक्टरचा आकडा दोन्ही वाहिन्यांतून वजा करायला हवा, नाहीतर तोही असाच गोंधळ घालतो.

आणखी एक चाचणी. लेसर स्वतःच लेप तापवतो. चकती थांबलेली असताना लेसरची ताकद निम्मी करा. आलेलं तापमान बदललं तर तुम्ही लेसरची उष्णता मोजताय. ताकद पायरीपायरीने उतरवून शून्याला काय आलं असतं ते आलेखावरून काढा. फिरताना ठिपका क्षणभरच झोतात असतो, तेव्हा हा त्रास पुष्कळ कमी होतो, पण कॅलिब्रेशनचा ठोकळा स्थिर असतो आणि चूक तिथे शिरते.

भोवराप्रवाह:

रेघेच्या उताराची गोष्ट वाचून एकदम धीर आला. शेवटचं विचारतो: चिकटवायचं कशाने आणि किती जाड? चकतीचा तोल बिघडायला नको आणि लेप उडायलाही नको.

हिरवी_रेघ:

२०० अंशांपर्यंत उष्णता सोसणारं सिलिकॉन वार्निश पुरे. एअरब्रशने पातळ थर द्या, प्रत्येक थर वाळू द्या. पोटॅशियम सिलिकेटही धरून ठेवतं, पण त्यात पाणी राहतं, आणि पाण्यातल्या ओएच गटांची कंपनं एर्बियमची ऊर्जा खाऊन टाकतात. ते वापरलंत तर आधी मंद आचेवर पूर्ण सुकवून घ्या, घाईत तापवलंत तर फसफसून फोड येतात. ॲक्रिलिक नको, उष्णतेने पिवळं पडतं आणि पिवळेपणा ५२५ला ५४५पेक्षा जास्त अडवतो. म्हणजे गुणोत्तरच बिघडतं.

जाडी ३० मायक्रॉनच्या आसपास. चकती २०० अंशांना आणि हवा २०ला असेल तर फिरत्या पृष्ठावरून दर चौरस मीटरला सुमारे १८ किलोवॉट उष्णता हवेत जाईल, असा ढोबळ हिशेब धरा. वार्निश-पावडरच्या लेपाची उष्णतावाहकता ०.५ वॉट प्रति मीटर-केल्विन धरली तर ३० मायक्रॉनला लेपाच्या वरच्या आणि खालच्या अंगात एक अंशाचा फरक पडतो, १०० मायक्रॉनला साडेतीन अंशांच्या वर. तुमची मर्यादा दोनची आहे. उजेड कमी वाटला तर थर जाड न करता लेसरचा ठिपका फिरण्याच्या दिशेत लांबट करा.

पूर्ण वर्तुळाचा एकसारखा पट्टा असला की तोल आपोआप राहतो. लावण्याआधी ॲल्युमिनियम बारीक पॉलिश पेपरने घासा, ॲसिटोनने पुसा आणि बोट लावू नका. पट्ट्याच्या कडा मास्किंग टेपने आखल्या असतील तर टेप वार्निश ओलं असतानाच काढा. वाळल्यावर काढलीत तर कड उचलली जाते आणि ३००० फेऱ्यांना लेप तिथूनच सुटायला लागतो. आधी स्थिर ठोकळ्याचा आलेख इथे टाका, उतार बघू, मग चकती फिरवा.